सुई न टोचता ताण मोजायचा कसा? हान्स सेल्ये यांच्या आयुष्याचा धडा

शहाड स्टेशनचा पूल चढून-उतरून, धापा टाकत माणूस दवाखान्यात पोचतो. आत दहा जण आधीच बसलेले. नंबर लागला की डॉक्टर दंडाला पट्टा बांधतात, हवा भरतात आणि वरचा आकडा येतो १५०. काल रात्री घरच्या यंत्रावर हाच आकडा १२८ होता. मग खोटे यंत्र कोणते? बहुतेक वेळा दोन्ही यंत्रे खरे बोलत असतात. डॉक्टरांचा पांढरा कोट, पट्ट्याचा आवळ आणि काय निघणार ही धास्ती, यांनीच रक्तदाब वर नेलेला असतो. वैद्यकात याला ‘व्हाइट कोट हायपरटेन्शन’ म्हणतात. मोजायला गेले की मोजायची गोष्टच बदलते.

माणसाला निदान सांगता येते की घरी बरे होते हो. टाकीतल्या डॉल्फिनला किंवा माशाला तेही शक्य नाही. त्याच्या शरीरातला ताणाचा हार्मोन रक्तातून मोजायचा, तर आधी त्याला जाळ्यात घ्यायचे, धरून ठेवायचे, सुई टोचायची. एवढे होईपर्यंत काही मिनिटांतच त्याच्या रक्तातला तो हार्मोन चढू लागतो. मग जो आकडा हाती येतो, तो टाकीतल्या आयुष्याचा की आपल्या जाळ्याचा?

या प्रश्नाचे मूळ शोधत मागे गेले की आपण एका माणसाजवळ पोचतो. ‘स्ट्रेस’ हा शब्द वैद्यकात आणि घराघरात रुजवणारे हान्स सेल्ये. त्यांचा मोठा शोध मोजमापाच्या एका चुकीतूनच निघाला होता. सुई टोचणे हाच ताण होता, हे त्यांना आधी कळले नव्हते.

घर तिथेच, देश बदलला

सेल्ये यांचा जन्म २६ जानेवारी १९०७ रोजी व्हिएन्नात झाला. वडील ह्यूगो हे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात शल्यचिकित्सक, जातीने हंगेरियन. आई मारिया फेलिसिटास ऑस्ट्रियन. मुलाचे बालपण डॅन्यूब नदीकाठच्या कोमारोम या गावात गेले. घरात दोन भाषा होत्या. पुढे आयुष्यभर ते भाषा गोळा करत गेले आणि जवळपास दहा भाषांत काम चालवू लागले.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीचे साम्राज्य मोडले. १९२० च्या तहाने डॅन्यूब नदी सरहद्द झाली. कोमारोमचा उत्तरेकडचा भाग चेकोस्लोव्हाकियात गेला, दक्षिणेकडचा हंगेरीत राहिला. सेल्ये कुटुंबाचे घर जागचे हलले नाही, पण त्याचा देश बदलला. फाळणीनंतर सिंध सोडून कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या आणि तिथे उल्हासनगर उभे करणाऱ्या कुटुंबांना हे वेगळे समजावून सांगायला नको. त्यांच्या बाबतीत माणसे रेषा ओलांडून आली, कोमारोमला रेषाच माणसांच्या अंगणात आली. परिस्थिती बदलली की जीव स्वतःला कसा जुळवून घेतो, हा सेल्ये यांच्या पुढच्या सगळ्या कामाचा विषय ठरला.

वयाच्या सतराव्या वर्षी ते प्रागच्या जर्मन विद्यापीठात वैद्यकाच्या शिक्षणासाठी दाखल झाले. सुरुवातीच्या वर्षांतला एक वर्ग त्यांच्या कायम लक्षात राहिला. नामवंत प्राध्यापक एकेक रुग्ण विद्यार्थ्यांसमोर आणत आणि त्या-त्या रोगाची खास खूण कोणती हे दाखवत. गोवराची पुरळ वेगळी, काविळीचा पिवळेपणा वेगळा. सेल्ये यांच्या डोळ्यांत मात्र दुसरेच भरले. रोग वेगवेगळे असले तरी या सगळ्या माणसांत बरेच काही सारखे होते. भूक नाही, अंग दुखते, जीभ पांढरी, वजन उतरलेले, चेहरा ओढलेला. आजारी असणे हीच जणू एक वेगळी खूण होती. शिक्षकांना त्यात रस वाटला नाही. इतकी उघड गोष्ट शिकवायची तरी काय, असाच एकूण सूर होता. विद्यार्थी गप्प बसला, पण विसरला नाही.

१९२९ मध्ये ते डॉक्टर झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी सेंद्रिय रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले आणि पुढच्या वर्षी कॅनडातल्या मॉन्ट्रियलला, मॅकगिल विद्यापीठात. तिथे त्यांना जेम्स कॉलिप यांच्या हाताखाली काम मिळाले. टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला तेव्हा ते माणसाला टोचण्याइतके शुद्ध करून देणारे रसायनतज्ज्ञ ते हेच कॉलिप. त्यामुळे त्या प्रयोगशाळेत सगळ्यांना एकच ध्यास होता, नवा हार्मोन शोधायचा.

उंदीर, सुई आणि फसलेला शोध

तरुण सेल्ये गुरांच्या अंडाशयाचा अर्क काढून तो प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांना टोचत होते. काही दिवसांनी उंदीर मारून आत पाहिले तर तीन बदल ठळक दिसले. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी सुजून मोठ्या झाल्या होत्या. छातीतली थायमस ग्रंथी आणि लसिका ग्रंथी आक्रसल्या होत्या. जठराच्या आतल्या अस्तरावर जखमा होत्या. सेल्ये हरखून गेले. हा नवा हार्मोन असणार!

मग त्यांनी वारेचा अर्क टोचून पाहिला. तेच तीन बदल. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचला. पुन्हा तेच. अर्क जितका अशुद्ध तितका परिणाम जास्त, ही गोष्ट त्यांना खटकू लागली. शेवटी त्यांनी फॉर्मेलिन टोचले. प्रयोगशाळेत अवयव टिकवायला वापरतात ते तिखट वासाचे द्रव्य, ज्यात हार्मोनचा लवलेशही नाही. त्यानेही तेच तीन बदल झाले, उलट अधिकच जोरात.

नव्या हार्मोनचे स्वप्न तिथेच संपले. सेल्ये काही काळ खचले. अर्काला काही अर्थच नव्हता. उंदराला जे झाले ते टोचण्याने, दुखण्याने, विषाने झाले होते. याच सुमाराची एक गोष्ट अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट सापोल्स्की यांनी आपल्या लेखनात रंगवून सांगितली आहे. सेल्ये यांचा हात उंदीर धरण्यात कच्चा होता. उंदीर हातातून निसटायचे, टेबलामागे पळायचे आणि अर्धी सकाळ त्यांच्या मागे झाडू घेऊन धावण्यात जायची. गोष्टीत मीठ-मसाला असेलही, पण तिचा गाभा खरा आहे. शास्त्रज्ञाचा हात हाच उंदराच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा ताण होता.

दुसरा कोणी असता तर त्याने सगळे निष्कर्ष टोपलीत टाकून दुसरा विषय घेतला असता. सेल्ये यांना प्रागचा तो वर्ग आठवला. रोग वेगळे, पण आजारीपण एकच. मग ही चूक हाच शोध असेल तर? त्यांनी मुद्दाम उंदरांना थंडीत ठेवले, त्यांना दमेपर्यंत पळवले, शस्त्रक्रियेची इजा केली, वेगवेगळी औषधे मरणार नाहीत इतक्या मात्रेत दिली. कारण कोणतेही असो, शरीराचे उत्तर तेच.

४ जुलै १९३६ रोजी ‘नेचर’ या विज्ञान साप्ताहिकात त्यांचे एक छोटे पत्र छापून आले. अवघे एक पान भरेल इतके. त्यात ‘स्ट्रेस’ हा शब्द कुठेही नव्हता. पण नंतरच्या सगळ्या संशोधनाचे बीज त्यात होते. शरीर आधी धोक्याची घंटा वाजवते, मग तग धरते आणि धोका टळलाच नाही तर शेवटी थकून कोसळते, असे तीन टप्पे त्यांनी मांडले.

धाग्याचा ताण, जिवाचा ताण

‘स्ट्रेस’ हा शब्द त्यांनी नंतर उचलला तो अभियांत्रिकीतून. शहाडला याचे आश्चर्य वाटू नये. सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यात ज्यांनी उमेदीची वर्षे काढली, त्यांना ‘टेन्शन’ हा शब्द डॉक्टरच्या तोंडून ऐकू येण्याआधी मशीनवर भेटला होता. धागा गुंडाळताना ताण कमी पडला तर गुंता होतो, जास्त झाला तर धागा तुटतो. ताण अजिबात नको असे तिथे कोणी म्हणत नाही. तो किती हवा, एवढाच प्रश्न असतो.

अभियंत्यांच्या भाषेत बाहेरून पडणारा जोर म्हणजे ‘स्ट्रेस’ आणि त्यामुळे वस्तूत होणारा बदल म्हणजे ‘स्ट्रेन’. सेल्ये शरीरात होणाऱ्या बदलाविषयी बोलत होते, म्हणजे त्यांना खरे तर ‘स्ट्रेन’ म्हणायचे होते. इंग्रजी ही आपली बालपणाची भाषा नसल्याने शब्दांत गफलत झाली, अशी कबुली त्यांनी उतारवयात दिली. तोवर उशीर झाला होता. शब्द जगभर गेला होता. आपल्याकडे लोकलमधल्या गर्दीपासून दहावीच्या निकालापर्यंत सगळ्याला आपण ‘टेन्शन’ म्हणतो, त्यातही जोर आणि परिणाम यांची तीच सरमिसळ आहे.

१९४५ मध्ये सेल्ये मॉन्ट्रियल विद्यापीठात गेले आणि तिथल्या प्रायोगिक वैद्यक व शल्यसंस्थेचे संचालक झाले. १९७६ पर्यंत ते तिथेच होते. अधिवृक्क ग्रंथीच्या बाहेरच्या सालीतून झिरपणाऱ्या हार्मोनांना ‘कॉर्टिकॉइड’ हे नाव त्यांनी दिले. त्यातले साखरेच्या वापरावर ताबा ठेवणारे ते ‘ग्लुकोकॉर्टिकॉइड’ आणि क्षारांचा तोल राखणारे ते ‘मिनरलोकॉर्टिकॉइड’, ही विभागणीही त्यांचीच. आज कोणत्याही लॅबमध्ये ज्याची तपासणी होते ते कॉर्टिसॉल पहिल्या गटातले.

१९५६ हे वर्ष त्यांच्यासाठी दोन टोकांचे होते. सामान्य वाचकांसाठी लिहिलेले ‘द स्ट्रेस ऑफ लाइफ’ हे पुस्तक त्या वर्षी आले आणि ते घरोघरी पोचले. त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये सोव्हिएत सत्तेविरुद्ध उठाव झाला आणि त्या गोळीबारात त्यांची आई मारली गेली.

मोजायचे तर मारायचे

सेल्ये ताण मोजायचे कसे? उत्तर अवघड वाटेल, पण ते सांगितले पाहिजे. उंदीर मारायचा, पोट उघडायचे, अधिवृक्क ग्रंथी काढून तराजूत घालायची. ग्रंथी जितकी जड, तितका ताण जास्त. जठरातल्या जखमा डोळ्यांनी मोजायच्या. हजारो उंदीर या तराजूवर गेले. एका जनावराचा ताण एकदाच मोजता यायचा, कारण दुसऱ्यांदा मोजायला ते उरायचे नाही. ताण उद्या उतरला का, महिन्याने काय झाले, हे त्याच जिवाला विचारायची सोय या पद्धतीत नव्हती.

सेल्ये यांच्या सिद्धांतालाही पुढे ठिगळे लावावी लागली. ताण कोणताही असो, शरीराचे उत्तर एकच, हे त्यांचे मूळ म्हणणे होते. १९७० च्या आसपास अमेरिकेत जॉन मेसन यांनी माकडांवर काम करताना त्याला धक्का दिला. उपाशी ठेवलेल्या माकडांत ताणाचे हार्मोन वाढले. पण त्यांना पोषण नसलेल्या, चवीला मात्र नेहमीसारख्या गोळ्या दिल्या आणि शेजारी खाणारी माकडे नजरेआड ठेवली, तेव्हा पोटात अन्न नसूनही हार्मोन फारसे वाढले नाहीत. म्हणजे उपासापेक्षा, आपल्याला मिळत नाही आणि दुसऱ्याला मिळते, ही जाणीव जास्त बोचत होती. मेसन यांनी हे हार्मोन मोजले होते माकडांच्या लघवीतून. जनावर न मारता, त्याने टाकून दिलेल्या गोष्टीतून ताण वाचता येतो, याची ही एक पायवाट होती.

जठरातल्या अल्सरचेही तसेच झाले. कित्येक वर्षे अल्सर म्हणजे ताणाचा आजार असे मानले गेले. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना त्यामागचा जिवाणू हाती लागला. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला मॉन्ट्रियलमध्ये सेल्ये यांचे निधन झाले.

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट आरोग्याच्या सदरात झाकून ठेवता येणार नाही. सिगारेट कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेकडून त्यांनी संशोधनासाठी निधी घेतला होता. १९६९ मध्ये कॅनडाच्या संसदीय समितीसमोर त्यांनी धूम्रपानाकडे ताण हलका करणारा विरंगुळा म्हणून पाहिले जावे, अशी बाजू मांडली. अमेरिकेतल्या खटल्यांमुळे पुढे कंपन्यांची कागदपत्रे खुली झाली तेव्हा या व्यवहाराचा तपशील बाहेर आला. टेन्शन आहे म्हणून सिगारेट ओढतो, हे वाक्य आपण आजही ऐकतो. त्या समजुतीला हातभार लावणाऱ्यांत ताणाच्या शास्त्राचा जनकही होता, हे लक्षात ठेवलेले बरे. नोबेलसाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण ते त्यांना कधी मिळाले नाही.

टिटवाळा लोकलमधली सीट

तराजूच्या जागी मग काय आले? न्यूयॉर्कमध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस रेडिओइम्युनोअ‍ॅसे ही पद्धत शोधली. बर्सन १९७२ मध्ये वारले, यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळाले. ही पद्धत समजायला शहाडच्या फलाटावर उभे राहू.

टिटवाळ्याहून येणाऱ्या लोकलच्या डब्यात समजा १०० सीट आहेत. आपण स्वतः १०० माणसे लाल टोपी घालून पाठवतो. डब्यात दुसरे कोणीच चढले नाही, तर सगळ्या लाल टोप्या बसतील. साधे प्रवासीही चढले, तर सीटसाठी चढाओढ होईल आणि काही लाल टोप्या उभ्या राहतील. गाडी कल्याणला पोचल्यावर बसलेल्या लाल टोप्या तेवढ्या मोजायच्या. त्या जितक्या कमी, तितके साधे प्रवासी जास्त. इथे सीट म्हणजे त्या हार्मोनला नेमके पकडणारी अँटिबॉडी, लाल टोपी म्हणजे किरणोत्सारी खूण लावलेला हार्मोन आणि साधा प्रवासी म्हणजे नमुन्यातला हार्मोन. आज बऱ्याच लॅबमध्ये किरणोत्सारी खुणेऐवजी रंग देणारे विकर वापरतात, पण चढाओढीचे तत्त्व तेच.

या पद्धतीने हार्मोन अत्यंत सूक्ष्म प्रमाणातही मोजता येऊ लागले. आणि एवढे थोडे पुरत असेल, तर रक्तच कशाला हवे? थुंकी, लघवी, विष्ठा, केस, श्वासातले तुषार, काहीही चालेल. ज्या सुईने सेल्ये यांना फसवले होते, ती आता बाजूला ठेवता येणार होती.

डॉल्फिनचा उच्छ्वास, माशाचे पाणी

समुद्री प्राण्यांना याचा सर्वाधिक उपयोग झाला. डॉल्फिन आणि देवमासे डोक्यावरच्या छिद्रातून श्वास सोडतात. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या मिस्टिक अ‍ॅक्वेरियममध्ये बेलुगा या पांढऱ्या देवमाशांना शिकवले गेले की खूण केली की जोरात श्वास सोडायचा. वर धरलेल्या छोट्या पात्रात ते तुषार जमा होतात. या तुषारांत कॉर्टिसॉल मोजता येते, असा शोधनिबंध तिथल्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. प्राणी स्वतःहून येतो, श्वास सोडतो आणि निघून जातो.

मेक्सिकोतल्या संशोधकांनी पाळीव डॉल्फिनच्या लाळेतून कॉर्टिसॉल मोजले. २०१३ मध्ये त्यांनी समुद्राला जोडलेल्या मोकळ्या कुंपणातले डॉल्फिन आणि बंदिस्त टाकीतले डॉल्फिन यांची तुलना केली. बंद टाकीतल्यांच्या लाळेत कॉर्टिसॉल जास्त निघाले आणि तेच प्राणी गोल-गोल फेऱ्या मारण्यात जास्त वेळ घालवत होते.

माशांचे तर त्याहून सोपे. मासा कल्ल्यांमधून कॉर्टिसॉल पाण्यात सोडत असतो. तेव्हा माशाला हातही न लावता टाकीतले पाणी गोळा करायचे, ते गाळणीसारख्या नळकांड्यातून ओढून हार्मोन वेगळा करायचा आणि मोजायचा.

खुल्या समुद्रातली एक कथा या शास्त्रात फार प्रसिद्ध आहे. रोझलिंड रोलँड आणि त्यांचे सहकारी कॅनडाच्या फंडी उपसागरात राइट व्हेल या दुर्मीळ देवमाशांची विष्ठा गोळा करत. ती पाण्यावर थोडा वेळच तरंगते, म्हणून वास ओळखणारे प्रशिक्षित कुत्रे बोटीच्या टोकावर बसवले जात. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर जहाजांची ये-जा काही दिवस एकदम कमी झाली आणि पाण्याखालचा आवाज ६ डेसिबलने उतरला. त्या दिवसांतल्या विष्ठेत ताणाचे हार्मोनही कमी निघाले. जहाजांचा आवाज देवमाशांना सतत छळतो, हे माणसाचे जग थांबले तेव्हा कळले. हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे हेच तंत्र जमिनीवर वापरले गेले आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेच्या संशोधकांनी कान्हा आणि बांधवगडच्या वाघांच्या विष्ठेतले ताणाचे हार्मोन मोजले. पर्यटनाच्या हंगामात ते जास्त निघाले आणि गाड्यांच्या वर्दळीशी त्यांचा संबंध दिसला. वाघाला बेशुद्ध करायची गरज पडली नाही. पहाटे जंगलात पडलेले त्याचे मलमूत्र पुरेसे होते.

आकडा एकटा बोलत नाही

इथे सेल्ये पुन्हा उपयोगी पडतात. उतारवयात त्यांना स्वतःला कर्करोगाने गाठले, त्यातून ते सावरले आणि त्याच काळात, १९७४ मध्ये, त्यांनी त्रासाविना ताण कसा असू शकतो यावर पुस्तक लिहिले. ताणाचे दोन प्रकार आहेत, असे ते आता आवर्जून मांडत होते. एक पोखरणारा, ‘डिस्ट्रेस’. दुसरा उभारी देणारा, ‘यूस्ट्रेस’. मुलीच्या लग्नाची धावपळ आणि दवाखान्यातली धावपळ, दोन्हीत अधिवृक्क ग्रंथी कामाला लागते. ताण अजिबात नसणे म्हणजे मरण, हे त्यांचे मत होते. कारखान्यातल्या धाग्यालाही थोडा ताण लागतोच.

म्हणून डॉल्फिनच्या श्वासातला आकडा वाढला, एवढ्यावरून तो दुःखी आहे असे म्हणता येत नाही. तो नुकताच जोडीदाराशी खेळला असेल. कॉर्टिसॉल दिवसभर सारखे नसते, माणसात ते पहाटे चढते आणि मध्यरात्री सर्वात खाली असते. श्वासाच्या तुषारांत समुद्राचे पाणी मिसळले तर नमुना पातळ होतो. विष्ठा आजचा नाही, साधारण कालचा हिशेब सांगते. समुद्री सस्तन प्राण्यांत ताण आला की कॉर्टिसॉलबरोबर क्षार सांभाळणारे अल्डोस्टेरॉनही वाढते, त्यामुळे एकच हार्मोन पाहून भागत नाही. आणि फार काळ ताणात राहिलेल्या जिवात आकडा उलट कमीही येऊ शकतो. संशोधक म्हणूनच एकाच प्राण्याचे अनेक दिवसांचे नमुने घेतात आणि त्याच्या वागण्याच्या नोंदींशेजारी ठेवून वाचतात. जनावर जिवंत आणि निवांत ठेवणाऱ्या पद्धतीतच हे शक्य होते. सेल्ये यांच्या तराजूला ते जमले नसते.

मोजमाप कितीही हळुवार झाले, तरी एक प्रश्न त्याच्या पलीकडे उरतो. या प्राण्यांना कोंडावे का? भारताने याचे उत्तर दिले आहे. काही राज्यांत डॉल्फिनचे खेळ दाखवणारी केंद्रे उभारण्याचे प्रस्ताव होते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मे २०१३ मध्ये परिपत्रक काढून अशा केंद्रांना परवानगी नाकारली. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर डॉल्फिन बघायचे तर होडीतून, त्यांच्या घरी जाऊन बघायचे. तिथेही इंजिनाचा आवाज आणि पाठलाग त्यांच्या शरीरात नोंदला जातो, हे राइट व्हेलने शिकवले आहेच. होडीवाल्याला जवळ घ्या, अजून जवळ घ्या, असे न सांगणे एवढे तरी आपल्या हातात आहे. घरच्या फिश टँकलाही हेच लागू पडते. काचेवर टकटक करणे आणि उगाच जाळी फिरवणे माशाला महागात पडते.

सेल्ये ज्या गावात वाढले, त्या कोमार्नो शहरात आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा शब्द त्याहून खूप दूर पोचला आहे. पण त्यांच्या शोधाचा सगळ्यात साधा धडा शहाडच्या दवाखान्यातही उपयोगाचा आहे. रक्तदाब मोजण्याआधी निदान ५ मिनिटे शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. त्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको, आणि पट्टा फुगत असताना बोलू नका. आकडा जास्त आलाच तर घाबरून गोळी वाढवू नका आणि दुर्लक्षही करू नका. काही दिवस घरी, ठरल्या वेळी मोजून त्या नोंदी डॉक्टरांना दाखवा. कॉर्टिसॉलची तपासणीही जाहिरात बघून मनानेच करून घेऊ नका. ती कोणत्या वेळी, रक्तातून की लाळेतून करायची, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते, कारण सकाळी आठचा आकडा आणि रात्री अकराचा आकडा यांचा अर्थ वेगळा असतो.

पूल चढून धापा टाकत आलेल्या माणसाला आधी बसू द्यावे, हे त्या उंदरांनी आपला जीव देऊन शिकवले. मोजणाऱ्याचा हात हलका असला, तरच मोजलेल्या आकड्यावर विश्वास ठेवता येतो.